तळ कोठें ठोकावा ?

नेरूळला माझ्या घरीं सकाळीं नळाला जें पाणी येतें तें मोरबे धरणाचें. खालापूर तालुक्यांत धावरी नदीवर हें धरण बांधलेलें आहे. तेथून तें पाणी भोकरपाड्यास शुद्ध होऊन नव्या मुंबईच्या घरोघर पोंचतें. त्या जलाशयाकडे वरून वांकून पाहत असल्यासारखा एक टोकदार सुळका उभा आहे, त्याचें नांव इर्शाळगड. आमच्यापैकीं पुष्कळांनीं हिंवाळ्यांतल्या एखाद्या रविवारीं तो गड चढून पाहिलेला असतो. गडाच्या वाटेवर ठाकर लोकांची एक वाडी होती. तारीख १९ जुलै २०२३ च्या रात्रीं साडेदहा-अकराच्या सुमारास डोंगराचा मोठा भाग सुटून त्या वाडीवर आला. वाडीची वस्ती २२८ माणसांची. २७ मृतदेह हातीं लागले, ५७ माणसें शेवटपर्यंत सांपडलीं नाहींत, आणि २३ जुलैला शोध थांबवण्यांत आला.

त्या दुःखाची उजळणी करून आपलीं मनें जड करावीं असा माझा हेतु नाहीं. मला आज एक निराळाच, आणि ऐकतांक्षणीं कदाचित् क्षुल्लक वाटेल असा, प्रश्न आपणांपुढें मांडावयाचा आहे. त्या रात्रीं आणि पुढच्या चार दिवसांत जीं माणसें मदतीला धांवून गेलीं, तीं उतरलीं कोठें ? तीं जेवलीं काय, निजलीं कोठें, ओले कपडे त्यांनीं कोठें वाळवले, शरीरधर्मासाठीं तीं कोठें गेलीं ? वांचलेल्यांची व्यवस्था काय झाली हें आपण वर्तमानपत्रांत वाचतों, आणि तें योग्यच आहे. वांचवणाऱ्यांच्या व्यवस्थेची मात्र आपण कधीं चौकशीसुद्धां करीत नाहीं. शूर माणसाला भूक लागत नाहीं व झोंप येत नाहीं, अशी आपली कांहींशी समजूत असावी.

इर्शाळवाडीला मोटारीचा रस्ता नव्हता. पायथ्यापासून पुढची वाट पायांचीच. कोरड्या दिवसांत हौसेनें चढणाऱ्याला ती तासाभराची, पण धुवांधार पावसांत, काळोखांत आणि खांद्यावर सामान असतां ती किती लांबते याची कल्पना ज्यानें सह्याद्रीचा चिखल पायांखालीं घेतला आहे त्यालाच यावयाची. माती उपसणारीं यंत्रें वर नेण्यास मार्ग नव्हता. हेलिकॉप्टरें सज्ज ठेवलीं होतीं, पण हवामानानें त्यांना कामाला येऊं दिलें नाहीं. तेव्हां फावडें, कुदळ आणि घमेलें हींच काय तीं आयुधें. राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दलाचे जवान, अग्निशामक दलाचे लोक, डोंगर हिंडणारे खोपोली-पनवेलकडचे तरुण, सिडकोनें पाठवलेले मजूर, असे सारे त्या एकाच निसरड्या वाटेनें वर गेले. नव्या मुंबईच्या अग्निशामक दलाचा एक अधिकारी पहिल्याच रात्रीं चढ चढतां चढतां कोसळला आणि मरण पावला. ढिगाऱ्यापर्यंत तो पोंचलाहि नाहीं.

या घटनेकडे मी जेव्हां जेव्हां पाहतों, तेव्हां तेव्हां मला एक साधें गणित दिसतें. तळ पायथ्याशीं, काम माथ्याकडे, आणि मध्यें तासा-दीड तासाची चढण. उतरण्यास एक तास धरा. म्हणजे आठ तासांची पाळी करणाऱ्या माणसाचे अडीच तास वाटच खाते, आणि जो हात ढिगाऱ्यावर पडावयाचा तो आधींच थकलेला असतो. अशा जागीं एका तळानें भागत नाहीं. पायथ्याचा मोठा तळ, आणि वर, कामापासून हांकेच्या अंतरावर, एक लहान ठाणें, अशी जोडी लागते. वरच्या ठाण्यांत फार कांहीं नको. एक ताडपत्रीचा आडोसा, पाण्याचीं पिंपें, कोरड्या पंच्यांची व मोज्यांची एक पेटी, गूळ-शेंगदाणे, गरम चहा, औषधांची पिशवी आणि एक डॉक्टर. पण ही ताडपत्री कोठें बांधावी, हा प्रश्न सोपा नव्हे. जो उतार एकदां सुटला तो पुन्हां सुटणारच नाहीं असें कोण सांगणार ? भूगर्भ जाणणाऱ्या माणसानें दाखवल्याविना वर एकहि खुंटी ठोकूं नये, आणि ती जागा थोडी दूर पडली तरी चालेल, असें माझें स्पष्ट मत आहे.

ज्याला हल्लीं सर्वत्र 'बेस कँप' म्हणतात त्याला आपल्या भाषेंत 'तळ' हा जुना आणि नेमका शब्द आहे. तळाची हेळसांड काय करूं शकते, हें महाराष्ट्रास कोणीं शिकवावयास नको. १४ जानेवारी १७६१ रोजीं पानपतावर जें घडलें, तें त्या एका दिवसांत जितकें घडलें तितकेंच त्याआधींच्या अडीच महिन्यांत तळावर घडलें होतें. रसद तुटलेली, लढणाऱ्यांच्या मानानें न लढणाऱ्यांचा भार फार, माणसांना दाणा नाहीं व जनावरांना वैरण नाहीं. उपाशी सैन्य रणांत उतरलें तेव्हां निम्मा निकाल लागून चुकलेला होता. आपत्तींत शत्रु नसतो हें खरें; पण भूक, ओल आणि जागरण हे तिघे असतातच, आणि ते तलवारीहून कमी नाहींत.

आतां थोडें स्वतःविषयीं सांगतों. तें सांगतांना मला आजहि संकोच वाटतो. २००५ सालच्या जुलैंत मुंबईला २६ तारखेस सांताक्रूझच्या वेधशाळेंत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद झाली, हें सर्वांना आठवतें. त्याच पावसांत महाड तालुक्यांतील जुई, दासगांव, कोंडिवते, रोहन या गांवांवर दरडी कोसळल्या, हें मुंबईच्या गोंधळांत पुष्कळांच्या लक्षांतहि राहिलें नाहीं. आमच्या वस्तींतल्या अठरा जणांनीं एक ट्रक ठरवला, त्यांत घोंगड्या, बिस्किटांचे पुडे आणि जुने कपडे भरले, आणि आम्ही त्या बाजूस निघालों. वाट मोडलेली, म्हणून पोंचावयास संध्याकाळ झाली. ज्या गांवीं आम्ही गेलों तेथें दरड पडली नव्हती, पण पुराचें पाणी घराघरांतून फिरून गेलें होतें. आम्हीं घोंगड्या वांटल्या, चिखल काढूं लागलों, आणि दिवस मावळल्यावर आमच्या ध्यानांत आलें कीं आमच्यापाशीं कांहीं नाहीं. शिजवावयास भांडें नाहीं. प्यावयास पाणी नाहीं. निजावयास कोरडी हातभर जागा नाहीं. अठरांपैकीं एकाच्याहि मनांत हा विचार नेरूळहून निघतांना आला नव्हता. बिस्किटें होतीं, तीं आम्हीं वांटून टाकलीं होतीं.

एका घराच्या ओट्यावर आम्ही टेंकलों. त्या घरांतल्या म्हातारीचा सारा भात भिजून गेला होता. वर माळ्यावर ठेवलेले चार-सहा पायली तांदूळ तेवढे वांचले होते. ती बाहेर आली, आमच्याकडे थोडा वेळ पाहत राहिली आणि म्हणाली, "पोरांनो, सकाळपासून पोटांत कांहीं गेलंय का तुमच्या ?" आम्हीं 'हो' म्हणून पाहिलें. तिनें तें ऐकलें नाहीं. ओल्या लांकडांचा धूर डोळ्यांत घेऊन तिनें आम्हां अठरा जणांसाठीं भात रांधला, आणि तो आम्हीं खाल्ला, कारण भूक फार लागली होती. तिच्या माळ्यावरच्या साठ्यांतला एका दिवसाचा वांटा आमच्या पोटांत गेला. दुसऱ्या दिवशीं आमच्यापैकीं तिघांचीं पोटें बिघडलीं, आणि गांवांतल्या एकुलत्या एका परिचारिकेला गांवकऱ्यांना सोडून आमच्याकडे पाहावें लागलें. मदतीला गेलेले आम्ही त्या गांवावर दुसरा पूर होऊन आलों होतों. त्या म्हातारीचें ऋण माझ्यावर आहे, आणि आजचें हें भाषण एका परीनें त्याच ऋणापोटीं आहे.

हीच चूक आमच्याहून मोठ्या माणसांनींहि केलेली आहे. १९८५ सालीं मेक्सिको शहरांत आणि १९८८ च्या डिसेंबरांत आर्मेनियांत भयंकर भूकंप झाले, तेव्हां देशोदेशींचीं पथकें तेथें धांवून गेलीं. सद्भावाला तोटा नव्हता. मेळ मात्र नव्हता. त्या अनुभवांतून १९९१ सालीं संयुक्त राष्ट्रसंघाच्या आश्रयाखालीं अशा पथकांचा एक सल्लागार गट स्थापन झाला. त्याच्या इंग्रजी नांवाचीं आद्याक्षरें जुळवून त्याला 'इन्साराग' म्हणतात. त्या गटानें जे दंडक घातले त्यांतला मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा असा आहे : मध्यम पथकानें सात दिवस आणि मोठ्या पथकानें दहा दिवस, स्वतःच्या अन्नापाण्याचा व निवाऱ्याचा भार आपद्ग्रस्तांवर न टाकतां काम करावें. आमच्या ट्रकनें हा नियम पहिल्याच रात्रीं मोडला होता.

आपल्याकडे २००५ च्या आपत्ति व्यवस्थापन कायद्यान्वयें राष्ट्रीय आपत्ति प्रतिसाद दल उभें राहिलें. त्याची पांचवी बटालियन पुणें जिल्ह्यांत, तळेगांवनजीक सुदुंबरे येथें असते, आणि महाराष्ट्रावर संकट आलें कीं बहुधा तिचींच पथकें प्रथम निघतात. एका पथकांत साधारणपणें पंचेचाळीस माणसें असतात. त्यांत शोध करणारे, अभियंते, वीजतंत्री, शुश्रूषा करणारे आणि कुत्र्यांचे शिक्षक आलेच. या पंचेचाळीस माणसांना एका आठवड्यासाठीं काय लागेल, याचा हिशेब आपण घरांत बसून करूं शकतों. लग्नकार्यांत पांचशें पानांचा हिशेब बोटांवर करणाऱ्या आपल्या गृहिणींना तो अवघड नाहीं.

पाण्यापासून आरंभ करूं. संकटग्रस्तांच्या सोयीसंबंधीं 'स्फिअर' या नांवानें जे जागतिक मापदंड प्रसिद्ध आहेत, त्यांत माणशीं दररोज किमान १५ लिटर पाणी सांगितलें आहे. पंचेचाळीस माणसांचें तें ६७५ लिटर झालें, सात दिवसांचें पावणेपांच हजारांच्या घरांत. पण दमट हवेंत दिवसभर फावडें मारणाऱ्याला हें पुरणारें नाहीं, दुप्पट धरावें. म्हणजे दहा हजार लिटरच्या एका टँकरांत पथकाचा आठवडा निभतो. टँकरांतलें पाणी स्वच्छ आहे असें गृहीत धरूं नये. चांगल्या प्रतीची ब्लीचिंग पावडर एक हजार लिटरला अडीच ग्रॅम या बेतानें कालवावी आणि अर्धा तास हात लावूं नये. पाणी गढूळ असेल तर आधीं तुरटी फिरवून निवळूं द्यावें, नाहींपेक्षां पावडर व्यर्थ जाते. अर्धा तास वाट पाहण्याची ही गोष्ट सांगावयास सोपी आहे. तहानलेल्या माणसाकडून ती पाळून घेण्यास तळावर एक कडक माणूस लागतो.

धान्य माणशीं सहाशें ग्रॅम धरलें तर रोज सत्तावीस किलो. पण प्रश्न धान्याच्या पोत्यांचा नसून चुलीचा आहे. पाळ्या रात्रंदिवस चालतात. रात्रीं दोन वाजतां खालीं उतरणाऱ्याला सकाळच्या थंड पोळ्या द्यावयाच्या नसतील, तर मुदपाकखाना कधींच विझतां कामा नये. म्हणून आचारीहि दोन पाळ्यांचे हवेत, आणि ते पथकाबरोबर आलेले हवेत. गांवांतल्या बायकांना 'जरा भाकऱ्या थापून द्या' म्हणून सांगण्याचा मोह होतो, त्या नाहीं म्हणत नाहींत; आणि त्या नाहीं म्हणत नाहींत म्हणूनच तें सांगूं नये.

निवाऱ्यासाठीं माणशीं साडेतीन चौरस मीटर छपराखालची जागा असावी असा तोच मापदंड आहे. आपल्या पथकाला ती सुमारें १६० चौरस मीटर लागेल, म्हणजे शाळेच्या तीन-चार वर्गांएवढी. येथें माझें एक मत मला आग्रहानें मांडूं द्या. गांवांत एकच पक्की शाळा असेल तर ती घरें गेलेल्यांची आहे. तीवर पथकाचा हक्क नाहीं. पथकानें आपले तंबू आणावे. चिखलांत रात्र काढणाऱ्या लेंकुरवाळीच्या डोळ्यांसमोर कोरड्या वर्गांत सतरंज्या पसरून निजणारा जवान, मग तो कितीहि थकलेला असो, त्या गांवाचा विश्वास गमावून बसतो. आणि ज्या गांवाचा विश्वास गेला तेथें ढिगाऱ्याखालीं कोणतें घर कोठें होतें हें सांगावयास माणूस पुढें येत नाहीं.

तंबूंची जागा पाहतांना पहिली दृष्टि पाण्याच्या ओघाकडे असावी. कोरडा, सपाट, वाळूचा पट्टा डोळ्यांस फार गोड दिसतो. तो ओढ्याचा पट असतो. गवत कोणत्या अंगाला लवलें आहे, झाडांच्या बुंध्यांवर चिखलाची रेघ किती उंचीवर आहे, हें पाहिलें म्हणजे मागच्या पुरानें आपली खूण कोठें केली तें कळतें. गांवांतल्या एखाद्या गुराख्याला विचारल्यास हें सर्व एका वाक्यांत कळतें, पण त्याला विचारण्याची बुद्धि व्हावी लागते. तंबूंभोंवतीं चर खणावा. शौचकूप वीस माणसांमागें एक, म्हणजे आपल्या पथकास तीन. विहिरीपासून निदान तीस मीटर लांब आणि उताराच्या खालच्या अंगास. फार लांबहि नकोत, नाहींतर रात्रीं पावसांत तेथवर कोणी जाणार नाहीं, आणि मग जे व्हावयाचें तें तंबूच्या मागेंच होतें. या विषयावर सभ्य मंडळींत बोलूं नये असा संकेत आहे. पण पटकी आणि अतिसार हे संकेत पाळीत नाहींत.

पायांविषयीं दोन शब्द. पहिल्या महायुद्धांत फ्रान्समधल्या चरांतून दिवस दिवस पाण्यांत उभे राहिलेल्या शिपायांचे पाय सडूं लागले. पुढें पाय पुसणें, तेल चोळणें आणि मोजे बदलणें ही शिस्त अधिकाऱ्यांनीं घालून दिली, तेव्हां तो रोग आटोक्यांत आला. आपल्या कोंकणांत तर चिखलाच्या पाण्यांत आणखी एक शत्रु लपलेला असतो. उंदीर व गुरें यांच्या मूत्रानें दूषित झालेलें पाणी पायाच्या भेगेंतून शरीरांत शिरतें आणि लेप्टोस्पायरोसिस हा ताप येतो. २००५ च्या पुरानंतर मुंबईंत त्याची मोठी सांथ आली होती. म्हणून तळावर येणाऱ्या प्रत्येकाचे पाय स्वच्छ पाण्यानें धुतले जावेत, पुसले जावेत, भेगांवर पट्टी बांधली जावी आणि डॉक्टर सांगतील तें प्रतिबंधक औषध घेतलें जावें. तळाच्या दाराशीं एक बांक, एक पाण्याचें पिंप आणि पंच्यांचा ढीग, एवढ्यावर हें काम होतें. बुटांच्या जोड्या मात्र माणशीं दोन हव्यात, आणि हा खर्च वाढतो म्हणून कोणी आधीं करीत नाहीं.

विजेचें जनित्र निजण्याच्या तंबूपासून दूर, वाऱ्याच्या खालच्या अंगास असावें. पाऊस लागूं नये म्हणून तें कनातींच्या आंत ओढून घेण्याची प्रवृत्ति असते. त्याच्या धुरांतला वायु वासावरून ओळखूं येत नाहीं, आणि निजलेली माणसें निजलेलींच राहतात. शोध करणाऱ्या कुत्र्यांनाहि सांवली, पाणी व विसांवा हवा. अर्ध्या तासाच्या कामानंतर त्यांचें नाक थकतें, हें त्यांचा शिक्षक जाणतो, पण घाईंत असलेल्या वरिष्ठांना तें पटवणें त्याला जड जातें. पाहुण्यांसाठीं, म्हणजे पुढारी, वार्ताहर आणि कपड्यांचीं गांठोडीं घेऊन येणारे सज्जन यांच्यासाठीं, तळापासून थोडा अलीकडे निराळा मांडव घालावा. त्यांचा अनादर करावा असें मी म्हणत नाहीं. पण दिवसपाळी संपवून निजलेल्या माणसाला छायाचित्रासाठीं उठवूं नये.

आणि दाराशीं एक वही. कोण आंत आला, कोण वर गेला, कोण परतला. इतकी क्षुद्र वस्तु, पण ती नसली तर रात्रीं वर कोण राहिलें हें कोणालाच ठाऊक नसतें.

श्रोते हो, आतांपर्यंत मी दुसऱ्याच्या गांवीं जाणाऱ्यांविषयीं बोललों. आतां उलट कल्पना करा, कीं संकट नेरूळवर आलें आहे आणि सुदुंबऱ्याहून पांच पथकें आपल्याकडे निघालीं आहेत. सव्वादोनशें माणसें, त्यांच्या मोटारी, यंत्रें, कुत्रीं. हीं मंडळी आपल्या उपनगरांत कोठें उतरतील ?

ही कल्पना कोणास अतिशयोक्त वाटल्यास त्यानें ११ डिसेंबर १९६७ ची पहांट आठवावी. कोयनेच्या त्या धक्क्यानें मुंबईचीं घरेंहि हालवलीं होतीं. नेरूळ हें सिडकोनें आंखून वसवलेल्या नगरांपैकीं एक. रस्ते रुंद, मैदानें राखलेलीं, जुन्या मुंबईच्या मानानें आपण भाग्यवान्. पण खाडीच्या बाजूची आपली पुष्कळशी भूमि सखल आहे. म्हणून सिडकोनें येथें धारण-तलाव बांधले : भरतीच्या वेळीं खाडीकडचीं दारें मिटतात, पावसाचें पाणी तलावांत साठतें आणि ओहोटी लागल्यावर बाहेर पडतें. युक्ति उत्तम आहे. तथापि जुलै महिन्यांत मोठी भरती आणि मोठा पाऊस एका वेळीं आले, तर पामबीच रस्त्याच्या बाजूचें एखादें सुंदर, हिरवें मैदान रात्रींतून तळें होऊं शकतें. नकाशावर तें मैदान सर्वांत मोठें दिसतें म्हणून तेथें बोट ठेवणाऱ्यानें भरतीचें कोष्टक जवळ ठेवावें.

दुसरी गोष्ट वाऱ्याची. आपल्या पूर्वेस कारखान्यांचा पट्टा आहे, त्यांत रसायनांचे कारखाने आहेत. पावसाळ्यांत वारा समुद्राकडून येतो, तेव्हां तिकडचा वायु आपल्यापासून दूर जातो. हिंवाळ्याच्या रात्रीं मात्र वारा जमिनीकडून वाहतो आणि तोच वायु आपल्याकडे येतो. म्हणजे जें मैदान जुलैंत तळाला योग्य, तेंच जानेवारींत अयोग्य ठरूं शकेल. एकच जागा कागदावर लिहून ठेवून आपण निश्चिंत होऊं नये. निदान दोन लिहाव्या, आणि कोणती केव्हां, हेंहि लिहावें. डी. वाय. पाटील क्रीडांगणासारख्या विस्तीर्ण वास्तूवर सर्वांची नजर प्रथम जाईल. पण २०२० च्या साथींत वाशीचें सिडकोचें प्रदर्शन केंद्र पाहतां पाहतां रुग्णालय झालें, हें आपण पाहिलेलें आहे. मोठ्या वास्तु घर सोडून आलेल्या नागरिकांना व रुग्णांना लागतील. पथकांना लागणारी जागा लहान, पक्क्या जमिनीची, हमरस्त्याला लागून आणि गर्दीपासून अलग अशी असावी.

गेल्या महिन्यांत एका संध्याकाळीं मी वही-पेन्सिल घेऊन आमच्या भागांतल्या एका मैदानावर गेलों. जागा उंचवट्यावर आहे, पाण्याचा नळ आहे, शेजारीं विजेचा खांब आहे. पावलांनीं मोजून पाहिलें. दोन पथकांचे तंबू, चूल आणि मोटारी सुखानें मावतील. मग फाटकापाशीं आलों. दोन खांबांमध्यें माझीं जेमतेम तीन पावलें बसलीं. दहा हजार लिटरचा टँकर अडीच मीटर रुंद असतो. समोरची गल्ली अरुंद, त्यांत दोन्ही बाजूंस मोटारी उभ्या, तेव्हां तो वळून या फाटकांतून आंत यावयाचा नाहीं. रखवालदार माझ्याकडे संशयानें पाहत होता. मीं त्याला विचारलें, फाटकाची किल्ली रात्रीं कोणापाशीं असते ? तो म्हणाला, "साहेब, किल्ली दिवसपाळीवाल्याकडं. तो घणसोलीला राहतो."

त्याच रात्रीं मीं आमच्या सोसायटीच्या चिटणीसांस पत्र लिहिलें, आणि त्याची एक प्रत मैदान ज्यांच्या ताब्यांत आहे त्यांच्याकडे पाठवली : फाटक साडेचार मीटर रुंद करावें, समोरची वीस मीटर गल्ली मोटारींपासून मोकळी ठेवावी, आणि दुसरी किल्ली नेरूळच्या अग्निशामक केंद्रांत टांगून ठेवावी. चिटणीसांनीं पत्र पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर घेतलें आहे. सभा पहिल्या रविवारीं आहे. मी टेप घेऊन जाणार आहें.